पेठेतल्या एकट्या ज्येष्ठांसाठी मदतगट: आधी काय, मग काय

"ग्रुप काढला, पस्तीस जण आले, चौकात फलक लावला, नारळ फोडला. आता पुढं काय करायचं?" असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. मी उलट विचारते, "तुमच्या बोळातल्या किती आजी-आजोबांशी बोललात?" बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. ज्यांच्यासाठी गट काढला त्यांना कोणी काही विचारलेलंच नसतं. मग पहिल्या आठवड्यात पस्तीस हात आणि दोन कामं, तिसऱ्या आठवड्यात दहा कामं आणि चार हात, असं होऊन दिवाळीपर्यंत गट विरून जातो. इच्छा सगळ्यांची खरी असते, क्रम तेवढा चुकतो. म्हणून हा लेख क्रमावर आहे.

लेख कोणासाठी, तेही आधी सांगते. मुलं पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशात आहेत, आई-वडील इथंच आहेत, घरातल्या घरात हिंडतात-फिरतात, पण पाणी, दवाखाना, कागदपत्रं अशा ठिकाणी अडतात, अशा घरांसाठी हा गट असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पगारी मदतनीस किंवा नर्सच लागते. ती जागा स्वयंसेवकांनी भरायला जाऊ नये, त्यात रुग्णाचे हाल होतात.

वेळ किती लागतो? तयारीला सहा आठवडे, चाचणीला सहा. सोलापुरात दसरा झाला की सुरुवात करा. मधे दिवाळीचा आठवडा आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस धरू नका, त्या काळात माणसं मिळत नाहीत. एवढं सोडूनही फेब्रुवारीपर्यंत गट उभा राहतो. मार्चपासून ऊन तापायला लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा नवशिक्या गटाची फार ओढाताण होते.

१. हद्द आखा

एका कागदावर आपल्या भागाचा नकाशा हातानं काढा. बोळ, चौक, किराणा दुकान, औषधाचं दुकान, रिक्षा थांबा एवढं पुरे. त्यात दीडशे ते दोनशे घरं बसली पाहिजेत. "अख्खा पूर्व भाग" किंवा "सगळं जुळे सोलापूर" ही हद्द होऊ शकत नाही. पेठेत राहत असाल तर दोन-तीन बोळ, अपार्टमेंटमध्ये असाल तर शेजारशेजारच्या दोन सोसायट्या घ्या.

*तपासणी:* रात्री अकराला लाइट गेलेली असताना तुमचा माणूस हद्दीतल्या शेवटच्या घरापर्यंत पायी दहा मिनिटांत पोचेल का? नसेल तर हद्द कमी करा.

२. घरोघरी जाऊन विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. पुढचं सगळं यावर उभं राहतं आणि नेमका हाच टप्पा लोक दोन दिवसांत उरकतात.

दोघांनी मिळून जावं. त्यात एक बाई असावी आणि दोघांपैकी एकाला तरी ते घर ओळखत असावं. आपल्या शहरात घराची भाषा पाहून माणूस पाठवायला हवा. साखर पेठेत, अशोक चौकाच्या बाजूला तेलुगू घरात मराठीत विचारलं तर उत्तर मिळतं, पण मनातलं बाहेर येत नाही. दारात "एला उन्नारू?" म्हणणारं कोणी असलं की आतून पाट येतो. कन्नड घरी "हेगिद्दीरी?" म्हणणारं, मुस्लिम घरी दखनी उर्दू बोलणारं माणूस असावं. अशी माणसं बोळात सापडतातच, शोधायचा कंटाळा करू नका.

वेळ संध्याकाळी पाच ते सात. नळ सुटण्याच्या वेळी आणि दुपारच्या झोपेच्या वेळी जाऊ नका. पहिल्या भेटीत फॉर्म, मोबाइल, फोटो यातलं काही बाहेर काढू नका.

आता मुख्य गोष्ट. "आजी, तुम्हाला काय मदत हवी?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: "काय नको बाळा, सगळं बरं आहे." आयुष्यभर विड्या वळून, मागावर उभं राहून घर चालवलेलं माणूस परक्यापुढं हात पसरत नाही. त्याऐवजी काल-परवाचं विचारा.

आमच्या गटात पहिल्या फेरीत एका आजींनी तीनदा सांगितलं, काही अडचण नाही. उठताना माझ्या सोबतच्या बाईंनी सहज विचारलं, "काल नळ आला होता ना, वरचं पिंप कोणी भरलं?" आजी म्हणाल्या, "मीच की." नळ तळमजल्यावर, खोली वर, दगडी जिना तेवीस पायऱ्यांचा. घागर उचलवत नाही म्हणून त्या तांब्या-तांब्यानं पाणी वर नेत होत्या. एका हातात तांब्या, दुसरा हात भिंतीवर. भिंतीवर हात टेकून टेकून चुना गुळगुळीत झालेला आम्हाला जाताना दिसला, येताना दिसला नव्हता. पाणी रोज येत नाही, कधी चार-पाच दिवसांआड येतं, आणि आलं की सगळं त्याच दिवशी भरावं लागतं. सोलापुरात म्हाताऱ्या माणसाचा सगळ्यात अवघड दिवस तो असतो.

विचारायचे प्रश्न असे:

- काल नळ आला तेव्हा पाणी कोणी भरलं?
- काल दुपारी काय जेवलात? रात्री?
- मागच्या वेळी दवाखान्यात कोणाबरोबर गेलात?
- औषधं संपली की कोण आणतं?
- रात्री उठावं लागतं का? संडास आत आहे की अंगणात?
- मागच्या आठवड्यात घरी कोण कोण आलं होतं?

शेवटच्या प्रश्नावर बरेच जण आधी हसतात, मग थोडं थांबतात. त्या थांबण्याला घाई करू नका. एकटेपण कोणी शब्दांत सांगत नाही, ते इथंच कळतं.

*सावधान:* या भेटीत कसलंही आश्वासन देऊ नका. "बघू या की, करू या" हे आपण सवयीनं बोलतो. समोरचं माणूस ते धरून बसतं आणि पुढच्या नळाच्या दिवशी दाराकडं डोळे लावतं. सरळ सांगा, "आज फक्त ऐकायला आलोय. पंधरा दिवसांनी, रविवारी पाचला येऊन काय जमेल ते सांगतो." आणि त्या रविवारी पाचला जा. काही जमणार नसलं तरी जा. गटावर विश्वास ठेवायचा की नाही, ते त्या दिवशी ठरतं.

ज्यांनी नको म्हटलं त्यांना पुन्हा गळ घालू नका. दोन महिन्यांनी तिळगूळ द्यायला म्हणून जा. आमच्याकडची निम्मी घरं अशी दुसऱ्या खेपेला आली.

याच फेरीत दोन ज्येष्ठांना गटाच्या बैठकीत बसायला बोलवा. निवृत्त गुरुजी, गिरणीतले जुने जॉबर (मुकादम), विडी कारखान्यातल्या मावशी, कोणीही चालतील. त्यांच्याशिवाय घेतलेले निर्णय चुकतात, आमचे चुकले आहेत.

३. करायची कामं आणि न करायची कामं

दोन याद्या मोठ्या अक्षरांत लिहा आणि प्रत्येक घरी एकेक प्रत द्या. चाचणी संपेपर्यंत फक्त तीन कामं घ्या. सोलापुरात माझी निवड ठरलेली आहे: रोजचा फोन, नळाच्या दिवशी पाणी, दवाखान्यात सोबत. बल्ब बदलणं, बिल भरणं, वाचून दाखवणं ही कामं जाता-येता होतात.

न करायच्या यादीत हे असलंच पाहिजे: इंजेक्शन, सलाइन, जखमेचं ड्रेसिंग, औषधाचा डोस बदलणं, एटीएममधून पैसे काढणं, उसनवारी, मृत्युपत्र किंवा घराच्या वाटणीत पडणं, रोजचा स्वयंपाक, रात्रीचा मुक्काम. "नाही म्हणायला जीव होत नाही" असं स्वयंसेवक म्हणतात, मला ते कळतं. यादी छापलेली असली की माणसाला नाही म्हणावं लागत नाही, यादी दाखवता येते.

दवाखान्याच्या सोबतीबद्दल जरा सविस्तर. सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, जाताना दोघं जा. एक जण केसपेपरच्या रांगेत, दुसरा आजोबांजवळ. सगळे जुने कागद एकाच पिशवीत, सगळ्यात नवीन कागद वर. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, नावं पाठ करून जाऊ नका. पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा घ्या, शुगर असलेल्या माणसाला रांगेत उपाशी राहणं बाधतं. डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधी आजोबांना विचारा, "मी आत येऊ का?" काही गोष्टी त्यांना एकट्यानं बोलायच्या असतात. बाहेर आल्यावर लगेच, तिथल्याच बाकावर, डॉक्टर काय म्हणाले ते लिहून घ्या. घरी येईपर्यंत "जेवणाआधी" आणि "जेवणानंतर" यात गोंधळ होतो.

४. माणसं गोळा करा

हिशेब सोपा आहे. प्रत्येक ज्येष्ठामागे दोन स्वयंसेवक, एक मुख्य आणि एक बदली. एका स्वयंसेवकाकडं जास्तीत जास्त दोन घरं. दहा घरांना दहा माणसं, वर तीन राखीव. तेराच्या पुढं सुरुवातीला घेऊ नका, जास्त आलेल्यांची नावं लिहून ठेवा.

"तुम्ही येणार का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. "आठवड्यातले कोणते दोन तास तुमचे?" असं विचारा. ज्याला वार आणि वेळ सांगता येते तोच टिकतो. कॉलेजची मुलं पाणी भरायला उत्तम, पण परीक्षेच्या महिन्यात ती नसणार हे आधीच धरून बदली ठेवा. दुपारी मोकळ्या होणाऱ्या गृहिणी फोनच्या कामाला सगळ्यात भरवशाच्या ठरतात, असा माझा अनुभव आहे.

ओळखपत्राची प्रत, बोळातल्या दोन जाणत्या माणसांचा शब्द आणि घराची किल्ली किंवा पैशाशी संबंध येणार असेल तर पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, एवढं प्रत्येकाकडून घ्या. नगरसेवकाचा भाचा असला तरी घ्या. एकाला सूट दिली की नियम संपतो. पहिला महिना कोणीही एकट्यानं घरात जायचं नाही.

*तपासणी:* पोलीस ठाण्यात जाऊन गटाची माहिती आणि स्वयंसेवकांची यादी दिली का? ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांनुसार ठाण्यानं आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, त्यातही एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवायची असते. तुमच्या घरांची नावं त्यांच्या संमतीनं त्या यादीत घाला.

५. पैसा, किल्ली, माहिती

बाकी चुका सुधारता येतात. या तीन गोष्टींत चूक झाली तर गट बंद पडतो आणि बोळात पुढची दहा वर्षं कोणी दार उघडत नाही.

पैसा. औषधाचे पैसे आजींनी द्यायचे, स्वतःचे घालायचे नाहीत. "राहू द्या, मागाहून बघू" हे वाक्य गटात बंद करा, त्यानं मिंधेपणा येतो. प्रत्येक घरात एक छोटी वही ठेवा: तारीख, दिलेले पैसे, बिल, परत केलेले पैसे, दोघांच्या सह्या किंवा अंगठा. बिल वहीला टाचा. अकरा रुपये परत असले तरी लिहा. एका स्वयंसेविकेचा असाच हिशेब तोंडी राहिला. आजींना वाटलं शंभर कमी आले, तिला वाटलं बरोबर दिले. दोघी चांगल्या आणि दोघी खऱ्या, पण दोन महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत.

एटीएमचा पिन, ओटीपी, बँकेचं पासबुक, सही केलेला कोरा चेक, कशालाही हात लावायचा नाही. कोणी फोनवरून ज्येष्ठांना फसवून पैसे काढले तर लगेच १९३० वर फोन लावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

किल्ली. ज्येष्ठांनी स्वतः निवडलेल्या शेजाऱ्याकडं, बंद लिफाफ्यात, लिफाफ्याच्या जोडावर त्यांची सही. उघडायचा झाला तर दोघांच्या समोर आणि रजिस्टरला नोंद करून.

माहिती. "कुलकर्णी आजी तीन नंबरच्या वाड्यात एकट्याच असतात, मुलगा दिवाळीलाच येतो" असा मेसेज ग्रुपवर टाकणं म्हणजे चोराला पत्ता देणं. ग्रुपवर नाव आणि पत्ता कधीच लिहू नका. घरांना नंबर द्या: "घर ७, आज पाणी भरलं." नावांचं रजिस्टर कागदाचं आणि एकाच माणसाच्या कपाटात.

चहा घ्यावा, शेंगाची चटणी बांधून दिली तर घ्यावी. पैसे, साडी, दागिना घेऊ नये.

मुलांचंही इथंच ठरवून टाका. पुण्याहून मुलगा फोन करून विचारतो, "बाबा खरंच बरे आहेत का?" काय सांगायचं आणि काय नाही, हे बाबांना आधी विचारून लिहून ठेवा. जीवावरचं दुखणं असेल तर कळवायचंच, बाकीचं त्यांच्या परवानगीनं. आपण मुलांचे हेर झालो असं बाबांना वाटलं की ते आपल्याशीही "बरं आहे" एवढंच बोलायला लागतात.

६. माहितीपत्रक आणि घराची पाहणी

एक पानभर कागद: नाव, वय, आजार, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टर, दोन नातेवाइकांचे नंबर, शेजाऱ्याचा नंबर, कोणत्या दवाखान्यात न्यायचं. खाली ज्येष्ठांची संमतीची सही. कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, बाहेरच्या भिंतीवर नको. गोळी बदलली की कागद बदला. जुना कागद नसलेल्या कागदापेक्षा वाईट.

मग घर बघा. पाहुण्यासारखं बघू नका, रात्री दोनला संडासला उठलेल्या माणसासारखं बघा. पलंगापासून संडासापर्यंत स्वतः चालून जा. शहाबादी फरशी ओली झाली की कशी होते ते आपल्याला माहीत आहेच. तिथं रबरी पायपुसणं, भिंतीला धरायचा लोखंडी दांडा, वाटेत लहान दिवा. जुन्या वाड्यातला उंबरा काढता येत नाही, त्यावर पांढरी पट्टी मारा. गॅसची नळी पाच वर्षांहून जुनी असेल तर बदलून घ्या. रोज लागणारे डबे फळीवरून खाली आणा, म्हणजे स्टुलावर चढणं थांबतं.

*सावधान:* त्यांना न विचारता एकही वस्तू हलवू नका. अंधारात हात जिथं जातो तिथं आधार नसेल तर माणूस पडतं.

७. चार प्रसंगांची तालीम

दोन रविवार काढा, ओळखीच्या डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना बोलवा आणि हे प्रत्यक्ष करून बघा. नुसतं ऐकून वेळेला सुचत नाही.

*पडणं.* धावत जाऊन काखेत हात घालून उभं करू नका. आधी बोला, कुठं दुखतंय विचारा. जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर माणूस ठीक दिसलं तरी दवाखान्यात न्या.

*लकवा.* तोंड वाकडं होणं, एक हात वर न राहणं, बोलणं जड होणं. यातलं एक जरी अचानक दिसलं तरी वाट बघू नका. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. माणूस शेवटचं नीट कधी होतं, ती वेळ लिहून डॉक्टरांना सांगा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्याच दवाखान्यात न्या. तेल लावून चोळत बसण्यात वेळ जातो.

*शुगर उतरणं.* दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. शुद्धीवर असेल तर पाण्यात तीन चमचे साखर. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८.

*ऊन लागणं.* अंग भाजल्यासारखं तापलेलं आणि माणूस बरळतंय किंवा गुंगीत आहे, तर घरगुती उपायांची वेळ गेलेली असते. १०८ ला फोन, तोपर्यंत सावली, ओली फडकी, पंखा. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनचा एक फोन वाढवा. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून "पाणी प्यायलात का?" न विचारता "आता एक भांडं प्या, मी फोनवर आहे" असं म्हणा. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी आणि ओआरएस किती, हे त्यांच्या डॉक्टरांना उन्हाळ्याआधीच विचारून ठेवा.

८. सहा आठवड्यांची चाचणी

आता कामाला सुरुवात, तीही आठ-दहा घरांतच. फलक नको, उद्घाटन नको.

फोनची पद्धत सगळ्यांनी पाठ करावी:

- रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळी साडेआठला, फोन.
- उचलला नाही तर पाच मिनिटांनी दुसरा, आणखी पाच मिनिटांनी तिसरा.
- तरी उचलला नाही तर शेजाऱ्याला फोन. त्यांनी दार वाजवायचं.
- दार उघडलं नाही तर दोघांनी जाऊन लिफाफ्यातली किल्ली.
- आतून कडी असेल आणि हाकेला ओ नसेल तर ११२.

साडेआठपासून या टोकापर्यंत अर्ध्या तासाच्या वर लागता कामा नये. "देवळात गेल्या असतील" हा अंदाज कोणी करायचा नाही. नव्वद वेळा त्या देवळातच गेलेल्या असतात, तरी दार वाजवायचं. आणि त्यांनाही सांगून ठेवायचं: बाहेर जाणार असाल तर आदल्या दिवशी फोनवर सांगा. दोन-तीनदा शेजारी धावत आले की सवय लागते.

फोन उरकू नका. "बऱ्या आहात ना? ठेवते" हा फोन झाला नाही. रोज एक ठोस प्रश्न विचारा. भाकरी केली का, गुडघा कसा आहे, नातीचा निकाल लागला का. आवाजातला फरक त्यातून ऐकू येतो. आमच्या एका आजोबांचं बोलणं दोन दिवस जरा घोटाळत होतं, फोन करणाऱ्या वहिनींनी ते रजिस्टरला लिहिलं, म्हणून डॉक्टरांकडं लवकर नेता आलं.

पाण्याचं वेळापत्रक नळाच्या वेळेवर ठरतं आणि ती वेळ बदलते, कधी रात्रीची येते. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाशी ओळख ठेवा. प्रत्येक बोळात एक जण "नळ आला" कळवणारा नेमा. रात्री बाराला नळ आला तर कोण जाणार, ते त्या रात्री ठरवायचं नसतं.

*तपासणी, सहाव्या आठवड्याला:* ठरलेल्यापैकी किती फोन चुकले? किती वेळा बदली माणूस न सांगता गेला? दहात एकाहून जास्त चुका असतील तर घरं वाढवू नका. आणखी एक महिना तेवढ्याच घरांवर काढा.

९. कागदपत्रांचं कॅलेंडर

चाचणी नीट पार पडली की हे चौथं काम घ्या. यात पैसा वाचतो आणि गटाची किंमत लोकांना कळते.

पेन्शनचा हयातीचा दाखला: सरकारी निवृत्तांना नोव्हेंबरमध्ये, त्यातल्या केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. गिरणी आणि विडी कामगारांच्या ईपीएस-९५ (म्हणजे पीएफ कार्यालयाकडून मिळणाऱ्या) पेन्शनचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो. त्यामुळे प्रत्येक घराची तारीख वेगळी असते, ती लिहून ठेवा. विड्या वळून, सूत हाताळून बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते घेत नाही आणि आजी तीन-तीन खेपा घालतात. चेहरा दाखवून दाखला काढण्याची सोय मोबाइलवर आहे. पोस्टमनला घरी बोलावूनही काम होतं.

श्रावणबाळ योजना ६५ वर्षांवरच्या गरजूंना, महिना १,५०० रुपये. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. ते आजारी पडण्याआधी काढून ठेवा आणि कोणत्या दवाखान्यात चालतं ते बघून माहितीपत्रकावर लिहा. एसटी ७५ वर्षांवर मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट.

मुलं सांभाळत नाहीत, मारहाण होते, घर लिहून घेतलं, असं कानावर आलं तर स्वतः भांडायला जाऊ नका. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली निर्वाहासाठी अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करता येतो. अर्ज करायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं. आपण सोबत जायचं.

१०. पैसे आणि नोंदणी

पहिल्या सहा महिन्यांना नोंदणी लागत नाही, खर्चही फारसा नसतो: वह्या, झेरॉक्स, रिक्षा. गटातल्यांनीच महिना पन्नास-शंभर काढावेत. बाहेर वर्गणी मागायची झाली तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्या. वर्षभर टिकलात आणि देणग्या घ्यायच्या ठरल्या तर संस्था नोंदवा, सात सभासद लागतात. नोंदणीच्या मागे लागून घरं विसरलेले गट मी पाहिले आहेत, म्हणून हा टप्पा मुद्दाम शेवटी ठेवला.

११. महिन्याची बैठक आणि निरोप

महिन्यातून एकदा, तासभर, एखाद्या ज्येष्ठाच्याच घरी. विषय तीन: कुठं चुकलं, कोण थकलंय, कोणाचं काम वाढलंय. थकलेल्याला महिनाभर सुट्टी द्या, मग तो परत येतो. न दिली तर कायमचा जातो.

कोणी मुलाकडं पुण्याला कायमचं गेलं, की आधी लिफाफा आणि वही त्यांच्या हातात परत द्या, रजिस्टरमधलं पान फाडून तेही द्या. महिन्यानं एक फोन करा. कोणी गेलं, तर त्या घरच्यांना वही आणि किल्ली तेराव्यानंतर द्या, दोघांनी जाऊन, सही घेऊन. आणि त्या घरी वर्ष-दीड वर्ष रोज साडेआठला फोन करणाऱ्या वहिनींना लगेच दुसरं घर देऊ नका. पहिले काही दिवस सकाळी साडेआठला त्यांना आपण फोन करायचा.